विजेचं गाव आणि धुराची खोली: आनंदीबाई जोशींनी पाहिलेली 1883 ची अमेरिका

एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आलाच असेल. तीन तरुण मुली शेजारी शेजारी. एक साडीत, एक जपानी किमोनोत आणि एक सीरियाच्या पारंपरिक पोशाखात. खाली मजकूर असतो की या तिघी आपापल्या देशातल्या पहिल्या महिला डॉक्टर, आणि तिघींना 1885 मध्ये डिग्री मिळाली. शेवटी अर्थातच, प्रत्येक भारतीयाने पुढे पाठवा.

फोटो खरा आहे. फोटोशॉप नाही, एआयने बनवलेलाही नाही. तो 10 ऑक्टोबर 1885 चा, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या कॉलेजातला आहे. साडीतल्या आहेत आपल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या केई ओकामी आणि तिसऱ्या साबात इस्लामबूली. पण मजकुरात गडबड आहे. तेव्हा तिघीही शिकत होत्या. आनंदीबाईंना डिग्री मिळाली मार्च 1886 मध्ये, ओकामींना 1889 मध्ये आणि इस्लामबूलींना 1890 मध्ये. जपानमध्ये सरकारी परवाना मिळालेली पहिली डॉक्टर म्हणाल तर ती ओगिनो गिन्को, 1885 मध्ये. आणि आपल्याकडे 1886 मध्येच कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि नंतर अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. आनंदीबाईंना प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही.

ते का, हे फोटोखालच्या चार ओळींत येत नाही. 31 मार्च 2018 ला गुगलने आनंदीबाईंचं डूडल केलं, 2019 मध्ये सिनेमा आला, शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. एवढं सगळं झालं. पण 18 वर्षांची एक मराठी मुलगी जहाजातून उतरून अमेरिकेत पोचली, तेव्हा तिथे ती राहिली कशी, जेवली काय, थंडीत काय घातलं, घरच्यांशी बोलली कशी? आज आपण त्याच गोष्टी बघणार आहोत. यात तंत्रज्ञानही भरपूर आहे, फक्त ते 1883 सालचं आहे.

पुणे, कल्याण आणि पोस्टातला नवरा

जन्म 31 मार्च 1865, पुण्यात, आजोळी. माहेर कल्याणच्या जोशांचं, माहेरचं नाव यमुना. 1874 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, बिजवर, वयाने बरेच मोठे आणि पोस्टात नोकरीला. त्यांनी बायकोचं नाव ठेवलं आनंदी, आणि तिला शिकवायचंच असा हट्ट धरला.

गोपाळरावांबद्दल दोन टोकाच्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या काळात बायकोला शिकवणारा, परदेशी एकटी पाठवणारा नवरा म्हणजे फारच दुर्मीळ. आणि हाच माणूस अभ्यास केला नाही म्हणून लहान मुलीला लाकडाने मारायचा, खुर्ची फेकायचा, सोडून जाईन अशी धमकी द्यायचा. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना हे सगळं, कोणत्या वयात काय झालं त्यासकट, शांतपणे आठवून दिलं. सोशल मीडियावर गोपाळराव एक तर हीरो असतात नाही तर व्हिलन. त्यांच्या बायकोने मात्र दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मांडल्या होत्या.

आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, पुरुष डॉक्टरला नीट सांगता येत नाही, दाखवता येत नाही, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. डॉक्टर व्हायचं ठरलं ते तिथून.

गोपाळरावांच्या पोस्टातल्या बदल्यांमुळे हे जोडपं कल्याणहून अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असं फिरत शेवटी कोलकात्याला आणि तिथून जवळच्या श्रीरामपूरला पोचलं. (आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं.)

एक पत्र अमेरिकेत व्हायरल झालं

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. त्यांचं पत्र पोचलं रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनरी होते आणि आता अमेरिकेत प्रिन्स्टनहून एक मिशनरी मासिक काढत होते. त्यांचं उत्तर होतं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. जोशी नाही म्हणाले. वाइल्डर यांनी पत्र आणि उत्तर दोन्ही मासिकात छापून टाकलं.

आता पुढचा भाग एखाद्या वेब सिरीजमध्ये दाखवला तर आपण म्हणू, काहीही काय! न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल नावाच्या छोट्या गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायची वाट बघत बसल्या असताना समोर पडलेलं मासिक त्यांनी चाळायला घेतलं. हातात फोन नसला की माणूस वेटिंग रूममध्ये जे करतो ते. त्यात हे पत्र दिसलं. एका हिंदू मुलीला शिकायचंय आणि तिला धर्माची अट घातली जातेय, हे त्यांना खटकलं. त्यांनी 1880 मध्ये थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं.

हे पत्र पोचलं कसं, ते समजून घेऊ. त्याआधी परदेशी टपालाचा मामला भलताच गुंतागुंतीचा होता. प्रत्येक दोन देशांचा आपसात वेगळा करार, वेगळे दर, पत्र कुठल्या मार्गाने जाणार त्यावर वेगळे पैसे. 1874 मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात देशांनी एकत्र येऊन टपाल संघ स्थापन केला. नियम सोपे होते. सगळ्या सभासद देशांत जवळपास सारखा दर, पाठवणाऱ्या देशाचं एकच तिकीट पुरेसं, आणि दुसऱ्या देशाचं पत्र आपल्याच पत्रासारखं वागवायचं. हिंदुस्थान 1876 मध्ये त्यात आला. आज जिओच्या सिमवरून अमेरिकेतल्या कोणत्याही नेटवर्कवर मेसेज जातो, कारण सगळ्यांनी एकच प्रोटोकॉल मान्य केलाय. टपाल संघ हा तसाच प्रोटोकॉल होता. आणि गोपाळराव त्याच खात्यात काम करत होते!

पत्रं सुरू झाली ती थांबली नाहीत. फोटो आले गेले. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानू लागल्या. कोलकात्यात असताना त्यांची तब्येत बिघडायला लागली होती. सतत डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप, कधी धाप लागायची. मावशींनी अमेरिकेतून औषधं पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. पण पाहिलेलंही नाही अशा मुलीसाठी अर्ध्या पृथ्वीवरून औषधाचं पार्सल येतंय, हे वाचून थांबायला होतं.

हा ताप, ही धाप लक्षात ठेवा. पुढे लागेल.

58 दिवसांचा प्रवास

गोपाळरावांना रजा आणि पैसे जमेनात, तेव्हा ठरलं की आनंदीबाईंनी एकटीने जायचं. लोकांनी भरपूर तोंडसुख घेतलं. 24 फेब्रुवारी 1883 ला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केलं. आपण का जातोय, इथे का शिकता येत नाही, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येणार हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. इंग्रजीत. वय वर्षं सतरा. खर्चासाठी दागिने विकले.

7 एप्रिल 1883 ला कोलकात्याहून बोट निघाली. सोबत मिशनरी बायका होत्या, ओळखीचं कुणीच नव्हतं. शाकाहारी माणसाचे जहाजावर जे हाल व्हायचे ते झाले. 4 जून 1883 ला, इंग्लंडमार्गे, त्या न्यू यॉर्कला उतरल्या. म्हणजे 58 दिवस. तोही वाफेच्या बोटींचा आणि 1869 मध्ये सुरू झालेल्या सुएझ कालव्याचा जमाना होता म्हणून. त्याआधी आफ्रिकेला पूर्ण वळसा घालावा लागायचा.

आपण ज्या न्यू यॉर्कचे रील बघतो त्याची सुरुवात नेमकी त्याच दिवसांत होत होती. ब्रुकलिन ब्रिज 24 मे 1883 ला खुला झाला, म्हणजे आनंदीबाई यायच्या 11 दिवस आधी. एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीज केंद्र सप्टेंबर 1882 मध्ये सुरू झालं होतं. शहरात टेलिफोनच्या तारा टांगल्या जात होत्या. बंदरावर घ्यायला मावशी स्वतः आल्या होत्या. तीन वर्षं फक्त अक्षरांतून भेटलेली दोन माणसं पहिल्यांदा समोरासमोर उभी राहिली.

रोझेल: तारांवर लाइट आलेलं गाव

आता आमच्या वाचकांसाठी सगळ्यात भारी गोष्ट. हे रोझेल गाव साधंसुधं नव्हतं. एडिसनने खांबांवरून तारा टाकून वीज देण्याची आपली पद्धत पहिल्यांदा पूर्ण गावासाठी वापरली ती रोझेलमध्येच, 19 जानेवारी 1883 ला. आनंदीबाई तिथे राहायला आल्या त्याच्या साडेचार महिनेच आधी!

हे महत्त्वाचं का? पर्ल स्ट्रीटला एडिसनने केबल जमिनीखालून टाकल्या होत्या. खोदाई महाग, तांबं महाग. दाट वस्तीच्या शहरात ते परवडतं, छोट्या गावात नाही. शिवाय त्याची वीज डीसी होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, तुमच्या फोनच्या बॅटरीत असते तशी. कमी दाबाची डीसी वीज लांब पाठवली की तारेतच उष्णता होऊन वाया जाते. त्यामुळे केंद्रापासून मैलभर अंतरापलीकडे गणित बसायचं नाही. रोझेलमध्ये त्याने खांब रोवले, त्यावर तारा ओढल्या आणि रेल्वे स्टेशन, दुकान, रस्ते आणि काही घरं उजळून टाकली. गावासाठी वीज परवडू शकते हे सिद्ध झालं. आज तुमच्या गल्लीत महावितरणच्या खांबांवर जे तारांचं जाळं दिसतं, त्याचे पूर्वज रोझेलच्या रस्त्यावर होते.

पुण्याच्या वाड्यात तेव्हा समई आणि तेलाचा दिवा. आणि त्या वाड्यातून निघालेली मुलगी थेट अशा गावात उतरली, जे पाहायला अमेरिकन लोकांनाही मुद्दाम जावं लागलं असतं.

पण एक गंमत बघा. नवीन देशात माणसाची झोप उडवतात त्या गोष्टी दिव्यांसारख्या मोठ्या नसतात. कोण कुठे बसतं, जेवताना हात चालतो का, कपडे कसे धुवायचे, घरातल्या बाईला काय म्हणून हाक मारायची, अशा गोष्टी माणसाला दमवतात. इथे आनंदीबाईंचं नशीब चांगलं होतं. मावशींचं घर भरलेलं होतं, मुलं होती, त्या मुलांशी त्यांची गट्टी जमली. त्यांनी स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचं ठरवलं होतं आणि मावशींनी तो सांभाळला. एकदा तर त्यांनी ओळखीच्या बायकांना जमिनीवर बसवून हिंदुस्थानी जेवण वाढलं. चमचे नाहीत, हातानेच खायचं. रोझेलच्या बायकांचा तो दिवस चांगला गेला असणार.

रोझेलचा हा उन्हाळा म्हणजे आनंदीबाईंच्या अमेरिकेतले सगळ्यात सुखाचे दिवस होते असं आमचं मत. उन्हाळा संपला आणि कॉलेज सुरू झालं.

फिलाडेल्फिया: साडी, थंडी आणि शेगडी

विमेन्स मेडिकल कॉलेज 1850 मध्ये सुरू झालेलं, बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कॉलेजांपैकी एक. डीन होत्या रेचल बॉडली. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश आणि शिष्यवृत्ती दिली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वय अठरा.

पहिला प्रश्न कपड्यांचा आला. पुण्यात जानेवारीत पहाटे 11–12 अंशांवर पारा आला की आपण स्वेटर घालून सेल्फी टाकतो. फिलाडेल्फियात जानेवारीचं सरासरी तापमानच शून्याच्या आसपास असतं. आणि अंगावर नऊवारी. नऊवारीचा काष्टा चालायला, काम करायला उत्तम, पण पोटऱ्या उघड्या राहतात आणि आत परकर घालता येत नाही. बर्फात हे जमणार कसं? त्यांनी विचार करून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पाय पूर्ण झाकले जातात, आत उबदार कपडे घालता येतात, आणि साडी ती साडीच राहते. पाश्चात्त्य झगा त्यांनी घातला नाही. त्या फोटोतली साडी नीट झूम करून बघा, आता ती वेगळी दिसेल.

एवढ्या साध्या, डोकं चालवून काढलेल्या तोडग्याचाही हिशेब नवऱ्याला पत्रातून द्यावा लागला. गोपाळरावांना वाटायचं की बायको बदलली, ख्रिस्ती होईल, परत येणार नाही.

दुसरा प्रश्न खोलीचा. फिलाडेल्फियात मिळालेल्या खोलीत ऊब देणारी शेगडी नीट बसवलेलीच नव्हती. पेटवली की खोलीभर धूर. धूर घालवायला खिडकी उघडली की बाहेरची गारठवणारी हवा आत. म्हणजे रोज निवड करायची: गुदमरायचं की गारठायचं? आणि त्याच शेगडीवर स्वयंपाकही.

असं होतं का, तर धुराड्याचं शास्त्र सोपं आहे. आतली हवा तापली की हलकी होते, वर चढते आणि आपल्यामागे धूर ओढून नेते. पण धुराडं गार असेल, तुंबलेलं असेल, किंवा शेगडी आणि धुराड्याचा जोड सैल असेल, तर ही ओढच तयार होत नाही. धूर सोपा रस्ता धरतो, म्हणजे खोलीत येतो. सोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो, ज्याला ना रंग ना वास. (पुण्यात दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या येतात, तो हाच वायू. तुमच्या बाथरूमला झरोका आहे ना, आजच बघून घ्या.)

एडिसनने उजळलेल्या गावातून निघून ही मुलगी धुराने भरलेल्या खोलीत आली होती. तंत्रज्ञान जगात आलंय म्हणजे ते तुमच्या खोलीत आलंय असं नसतं. तिच्या वाट्याला आलं ते गळकं धुराडं. दिवसभर कॉलेज, शवविच्छेदन, लेक्चर, संध्याकाळी त्या खोलीत येऊन स्वतःपुरता भात शिजवायचा. खाणं धड होत नव्हतं, आणि छाती आधीच कमजोर होती. पुढे डीन बॉडलींच्या लक्षात हा प्रकार आला आणि त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी राहायला नेलं.

दुपारचे बारा दोनदा वाजले

त्यांच्या पहिल्याच सत्रात एक गोष्ट घडली, जी तुमच्या फोनमध्ये आजही चालू आहे. तोपर्यंत अमेरिकेत प्रत्येक शहराची वेळ वेगळी असायची. डोक्यावर सूर्य आला की त्या गावात बारा. रेल्वेचं टाइमटेबल म्हणजे डोकेदुखी. 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वे कंपन्यांनी देशभर ठरावीक टाइम झोन लागू केले. न्यू यॉर्कला घड्याळं सुमारे 4 मिनिटं मागे घेतली, म्हणजे त्या दिवशी तिथे दुपारचे बारा दोनदा वाजले! फिलाडेल्फिया मात्र नव्या वेळेच्या रेषेच्या, 75 अंश पश्चिम रेखांशाच्या, इतकं जवळ आहे की तिथे फरक मिनिटाचाही नव्हता. हिंदुस्थानात असाच एकच प्रमाण वेळेचा निर्णय लागू व्हायला 1906 उजाडलं.

पण आनंदीबाईंच्या आयुष्यात खरा त्रास वेळेच्या दुसऱ्या फरकाने दिला, आणि तो होता पत्राला लागणारा वेळ. फिलाडेल्फियाहून हिंदुस्थानात पत्र पोचायला महिना, कधी त्याहून जास्त. उत्तर परत यायला तेवढाच. म्हणजे दोन अडीच महिने.

गेमिंग करणाऱ्यांना लेटन्सी म्हणजे काय ते सांगायला नको. तुम्ही बटण दाबता आणि हालचाल उशिरा दिसते. आता कल्पना करा की नवरा-बायकोच्या भांडणात लेटन्सी दोन महिन्यांची आहे. आनंदीबाईंनी ऑक्टोबरात काही लिहावं, ते गोपाळरावांना डिसेंबरच्या तोंडावर मिळावं, त्यांनी रागावून उत्तर लिहावं, आणि ते जानेवारीत पोचावं, जेव्हा आनंदीबाई परीक्षेच्या अभ्यासात आहेत आणि मूळ विषय विसरूनही गेल्या आहेत. मधल्या काळात दोघांनीही आणखी चार पत्रं लिहिलेली, जी एकमेकांशी जुळत नाहीत. चूक दुरुस्त करायला डिलीट फॉर एव्हरीवन नाही. तोंडावरचा भाव दिसत नाही.

तार होती की! अटलांटिकखालून केबल 1866 पासून चालू होती आणि हिंदुस्थानही इंग्लंडशी 1870 पासून समुद्री तारेने जोडलेला होता. पण तारेला शब्दागणिक पैसे, आणि तेही व्यापारी आणि सरकारला परवडणारे. पोस्टातल्या कारकुनाच्या संसारातला संशय तारेने मिटवणं शक्य नव्हतं. पत्रच लिहायचं, आणि वाट बघायची.

या पत्रांमुळेच आज आपल्याला हे सगळं माहीत आहे. त्यांच्या मृत्यूनंतर 1888 मध्ये कॅरोलिन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचं इंग्रजी चरित्र छापलं, 1889 मध्ये काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. दोघींच्या लिखाणाचा मोठा आधार पत्रांचाच. विचार करा, आनंदीबाईंनी हे सगळं व्हिडिओ कॉलवर बोलून टाकलं असतं, तर?

डिग्री, आणि परतीची बोट

11 मार्च 1886 ला पदवीदान झालं. प्रबंधाचा विषय होता हिंदू परंपरेतलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे बाळंतपण, जिथून सगळं सुरू झालं होतं तेच. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुण्याची आणखी एक बाई, जी त्यानंतर अमेरिकेत थांबली, देशभर फिरली आणि 1889 मध्ये तिथल्या लोकजीवनावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्यावर वेगळा लेख करावा लागेल. गोपाळरावही तोपर्यंत अमेरिकेत पोचले होते आणि सभांमधून अमेरिकनांवरच टीका करत होते. ज्यांच्या मदतीने बायको शिकली त्यांच्याच देशात हे भाषण, यजमानांना काय वाटलं असेल!

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून नेमलं. जाण्याआधी त्या बॉस्टनच्या स्त्रिया आणि मुलांच्या हॉस्पिटलमध्ये अनुभव घ्यायला गेल्या. तिथे तब्येतीने साथ सोडली. खोकला, ताप, तीच धाप. क्षयरोग.

इथे तारखा बघितल्या की वाईट वाटतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 ला जाहीर केला, आनंदीबाई निघायच्या वर्षभर आधी. म्हणजे त्या शिकत असताना आपल्या छातीत काय चाललंय हे विज्ञानाला माहीत झालं होतं. उपाय माहीत नव्हता. क्षयावर चालणारं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 मध्ये. थंडी आणि धुराने क्षय होत नाही, जंतूमुळे होतो. पण अर्धपोटी, गारठलेल्या, धूर ओढणाऱ्या शरीराला त्याच्याशी लढता येत नाही, हे आज कोणतीही आशाताई सांगेल.

नोव्हेंबर 1886 मध्ये त्या मुंबईला उतरल्या. लोकांनी जल्लोषात स्वागत केलं, त्यात तीन वर्षांपूर्वी नावं ठेवणारेही असतील. उपचारासाठी पुण्यात आणलं. अमेरिकेतून पुन्हा एकदा औषधं मागवली गेली. कोल्हापूरची खुर्ची वाट बघत राहिली.

26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. एकाही रुग्णाला त्यांनी इथे डॉक्टर म्हणून तपासलं नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला, मावशींकडे पाठवल्या. ज्या वाटेने पत्रं गेली, औषधं आली, त्याच वाटेने. मावशींनी त्या न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून निघालेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलाय.